सोलेनॉइड बदलला की कोड जातो, मग अडचण काय? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कॅम टायमिंगच्या मंद प्रतिसादावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी गोषवारा देतो. तुमचं म्हणणं असं: पी०००ए (इंजिनाचे व्हॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट सांगितल्या जागी उशिरा पोचतोय, असं सांगणारा दोष-कोड) आला की ऑईल कंट्रोल व्हॉल्व, म्हणजे ज्याला आपण सरसकट सोलेनॉइड म्हणतो तो, बदलायचा आणि गाडी सोडून द्यायची, नव्वद टक्के गाड्या तेवढ्यावर बऱ्या होतात. मी मात्र ऑईल प्रेशर, ग्राफ, ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) असा घोळ घालून सोपं काम अवघड केलं. क्रँकशाफ्टला कॅमशाफ्टशी जोडणारी चेन ताणली की कॅम मागे पडतो, ही साधी गोष्ट लेखात नाही. प्रेशर कमी वाटलं तर २० च्या जागी ४० ग्रेडचं ऑईल टाकावं, कोड जातो. आणि शेवटी, तुमच्याकडे सध्या एक व्ही-६ इंजिनाची गाडी आहे, तिला लागोपाठ दोन नवे सोलेनॉइड टाकूनही इंजिन गरम झालं की पी०००ए परत येतोय, म्हणजे हल्ली नवे पार्टच खराब येतात.

तुमचा पहिला मुद्दा आणि हा शेवटचा मुद्दा यांचं आपसात जमत नाही. सोलेनॉइड बदलून गाडी बरी झाली तर दोष सोलेनॉइडचा, आणि बरी झाली नाही तर दोष नव्या सोलेनॉइडचा! असं असेल तर सोलेनॉइड निर्दोष ठरायला वावच उरत नाही.

आता नव्वद टक्क्यांचं बघू. सोलेनॉइड बदलल्यावर कोड जातो हा तुमचा अनुभव मला खोटा वाटत नाही. पण तो पार्ट बदलताना आणखी काय काय घडतं ते बघा. कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसतो. व्हॉल्वला जाळी असेल तर जुन्याबरोबर तुंबलेली जाळीही जाते. बहुतेक वेळा त्याच भेटीत ऑईल आणि फिल्टरही बदलला जातो. शेवटी स्कॅनरने कोड उडवला जातो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याबरोबर ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरने, शिकून ठेवलेली मूल्यंही पुसली जातात. त्यात अनेक गाड्यांत हा दोष लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी चालू करून, चालवून बंद करायची एक फेरी म्हणजे एक सायकल) दिसल्याशिवाय इंजिनाचा दिवा लागत नाही. म्हणजे गाडी गेटबाहेर जाताना दिवा बंद असणं हा दुरुस्तीचा पुरावा होत नाही. चार-पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकीला दिलं, असं इथे होतं. त्या गाड्यांपैकी काही नुसतं ऑईल बदलून किंवा कनेक्टर पुसूनही बऱ्या झाल्या असत्या.

मुळात हा कोड काय सांगतो? 'ए' कॅमशाफ्ट, म्हणजे बहुतेक इंजिनांत इनटेकचा (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्वचा), बँक १ वरचा (बँक म्हणजे सिलिंडरांची एक रांग, व्ही इंजिनात अशा दोन असतात), सांगितलेल्या जागी जायला जास्त वेळ घेतोय. बस, एवढंच. ईसीयू आज्ञा देतो, सोलेनॉइडच्या कॉइलमधून करंट वाहतो, व्हॉल्वच्या आतली सरकती दांडी, म्हणजे स्पूल, सरकते, ऑईल फेजरच्या (कॅमच्या टोकाला बसून त्याला पुढे-मागे फिरवणाऱ्या भागाच्या) एका बाजूच्या कप्प्यांत शिरतं आणि दुसऱ्या बाजूच्या कप्प्यांतून बाहेर पडतं, आतली पाती फिरतात, कॅम फिरतो, आणि कॅम सेन्सर ते ईसीयूला कळवतो. कोड मोजतो तो या साखळीच्या शेवटच्या टोकाला. मधल्या कुठल्याही कडीने वेळ खाल्ला तरी कोड तोच. कॉइल जळली किंवा वायर तुटली तर पी००१० सारखा सर्किटचा वेगळा कोड येतो. कॅम एका जागी अडकून बसला तर पी००११ किंवा पी००१२. पी०००ए आला याचा अर्थ कॅम हलतोय, पोचतोय, पण उशिरा. सोलेनॉइड पूर्ण मेलेला नाही हे तर कोडच सांगून टाकतो.

म्हणूनच मी लेखात ग्राफवर एवढा जोर दिला होता. तुम्हाला तो घोळ वाटला, पण माझ्या मते या कोडच्या बाबतीत सगळ्यात जास्त माहिती ग्राफच्या आकारातच असते. स्कॅनरवर कॅमचा अपेक्षित कोन आणि प्रत्यक्ष कोन अशा दोन रेषा एकावर एक काढा. इंजिन पूर्ण गरम करा, २००० ते २५०० आरपीएमच्या आसपास ठेवा आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबून सोडा, म्हणजे अपेक्षित रेषा उडी मारेल. मग प्रत्यक्ष रेषा तिच्यामागे कशी जाते ते बघा.

ती आधी काही क्षण जागची हलली नाही आणि मग एकदम झपकन वर गेली, तर ऑईलचा प्रवाह ठीक आहे. कुठेतरी सुरुवातीला काहीतरी चिकटतंय: स्पूलवर चिकटा बसलाय, किंवा फेजरची लॉक पिन (त्याला मूळ जागेवर अडकवून ठेवणारी) सुटायला वेळ घेतेय. पिनचा संशय असेल तर हा उशीर कॅम आपल्या मूळ, कुलूपबंद जागेवरून निघतानाच दिसेल; मधल्या कोनातून पुढे जाताना दिसणार नाही. स्पूल चिकटत असेल तर कुठूनही निघताना दिसेल.

उलट रेषा लगेच हलायला लागली, पण चढ सगळीकडे सारखाच मंद आहे, तर चिकटण्याचा प्रश्न नाही. ऑईल कमी पोचतंय किंवा वाटेत गळतंय. व्हॉल्वच्या अंगावरची जाळीच तुंबलेली नसेल, तर इथे नवा सोलेनॉइड टाकून काहीही होणार नाही.

आणि रेषा पायऱ्या-पायऱ्यांनी चढत असेल, थांबत, पुन्हा हलत, तर स्पूल अडखळतोय किंवा ऑईलमध्ये हवा मिसळलेली आहे. डिपस्टिकवर पातळी जास्त असेल तर क्रँकशाफ्ट ऑईल घुसळतो आणि त्याला फेस येतो. फेस दाबला जातो, त्यामुळे फेजरला पक्का धक्का मिळत नाही. पातळी खूप कमी असली तर पंप हवा ओढतो आणि परिणाम तोच. हे तपासायला फक्त डिपस्टिक लागते. ती ओढताना वासही घ्या. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं, पातळी वाढते आणि ऑईल पातळ होतं.

दिशाही बघा. इनटेक कॅमवर घर्षणाचा आणि व्हॉल्व स्प्रिंगांचा एकूण ओढा रिटार्डकडे (मागे, उशिराकडे) असतो. त्यामुळे ॲडव्हान्स करताना (कॅम पुढे, लवकरकडे नेताना) ऑईलला त्या ओढ्याविरुद्ध ढकलावं लागतं, परत येताना तोच ओढा मदतीला येतो. प्रेशर कमी असेल तर मार आधी ॲडव्हान्सला बसतो आणि परतीचा प्रवास बराच ठीक दिसतो. दोन्हीकडे सारखाच सुस्त असेल तर आधी स्पूल आणि जाळीकडे बघा. एक्झॉस्टच्या बाजूला बहुतेक फेजरना ॲडव्हान्सकडे ओढणारी स्प्रिंग असते, म्हणून तिथे हा हिशोब जसाच्या तसा लावू नका.

ग्राफबाबत तुमची एक तक्रार मात्र रास्त आहे: फोनला जोडायच्या स्वस्त ओबीडी ॲडॅप्टरवर या रेषा नीट दिसत नाहीत. तो ॲडॅप्टर एकेक आकडा पाळीपाळीने विचारतो. दहा-बारा आकडे निवडले तर एकाच आकड्याची पुढची नोंद यायला सेकंदभर किंवा जास्तही लागू शकतं, आणि निरोगी फेजर तर एका सेकंदाच्या आतच आपलं अंतर कापून मोकळा होतो. मग प्रत्येक चांगली गाडी आजारी दिसते. उपाय एवढाच, की अपेक्षित कोन, प्रत्यक्ष कोन आणि सोलेनॉइडची ड्यूटी (ईसीयू त्याला किती टक्के वेळ वीज देतो) हे तीनच आकडे निवडायचे, बाकी सगळे बंद. आणि कोन क्रँकच्या अंशांत आहे की कॅमच्या, हे आधी ठरवून घ्या. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, त्यामुळे ४० क्रँक अंश म्हणजे २० कॅम अंश. मॅन्युअल एका मापात आणि स्कॅनर दुसऱ्यात बोलत असला की नसलेला दोष दिसू लागतो.

ड्यूटी का घ्यायची? कॅम एका कोनावर स्थिर धरायचा असेल तेव्हा स्पूल मधोमध, दोन्ही वाटा जवळपास बंद करून उभा असतो, आणि बहुतेक इंजिनांत त्यासाठी ड्यूटी ५० टक्क्यांच्या आसपास लागते. नेमका आकडा इंजिनागणिक बदलतो, पण एका बँकला धरून ठेवायला दुसऱ्या बँकपेक्षा बरीच जास्त ड्यूटी लागत असेल, तर ईसीयू त्या बाजूला सतत ऑईल भरत राहतोय. भरलेलं ऑईल कुठेतरी गळतंय: फेजरच्या आत पात्यांच्या कडांवरून, किंवा कॅमच्या पुढच्या जर्नलपाशी (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागापाशी), जिथून ऑईल फिरत्या शाफ्टमध्ये शिरतं. तिथल्या सीलिंग रिंगा किंवा जर्नल झिजले की प्रेशर फेजरपर्यंत पोचायच्या आतच निघून जातं. वाट पाहणाऱ्या फेजरला मिळतं ते उरलंसुरलं.

आता चेन. चेनबद्दल मी लिहिलं नाही ते मुद्दामच, कारण ताणलेली चेन कॅमला मागे पाडते, मंद करत नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. चेन ताणली की कॅम कायम काही अंश मागे राहतो. आयडलला मागे, हायवेला मागे, गरम असो वा थंड. पण आज्ञा आल्यावर पुढे सरकायचा त्याचा वेग तोच राहतो. शिवाय अनेक ईसीयू कॅमची विश्रांतीची जागा शून्य धरून शिकून घेतात, त्यामुळे थोडा ताण त्या शून्यातच जिरतो आणि कोनाच्या रेषांत दिसतही नाही. मर्यादा ओलांडली की क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही असा पी००१६ येतो. चेनचा एक दात उडाला असेल तर फरक मोठाच असतो: क्रँकच्या स्प्रॉकेटला १८ दात असतील तर एक दात म्हणजे २० क्रँक अंश. पी०००ए बरोबर पी००१६ पण आला असेल तर चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर जरूर बघा. त्यातही टेन्शनर स्वतः ऑईलच्या प्रेशरवर चालतो, तेव्हा दोन्ही कोड एकत्र आले तर आधी प्रेशर मोजा, मग चेनचं कव्हर खोला. एकट्या पी०००ए साठी कव्हर खोलण्याच्या मी विरोधात आहे.

ऑईलच्या ग्रेडवर मात्र मी ठामपणे नाही म्हणतो. एसएई जे३०० या मानकानुसार १०० अंश सेल्सियसला २० ग्रेडच्या ऑईलची श्यानता, म्हणजे घट्टपणा, ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असते आणि ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ च्या दरम्यान. हा फरक किरकोळ नाही. घट्ट ऑईल टाकल्यावर गेजवरचा काटा वर चढतो हे खरं, पण तो चढतो कारण ऑईल वाहायला अडखळतंय. फेजरला प्रेशर तर हवंच, पण अरुंद वाटांमधून झटपट भरणारं आणि झटपट रिकामं होणारं ऑईलही हवं. झिजलेल्या इंजिनात, गरम असताना, ४० ग्रेडने गळती थोडी कमी होऊन कोड काही काळ जाईलही. पण झीज तिथेच राहते, फक्त दिसेनाशी होते, आणि थंड सकाळी तेच ऑईल फेजरला आणखी सुस्त करतं. ज्या इंजिनांत पंपाचा प्रवाहच ईसीयू कमी-जास्त करतो, तिथे तर ईसीयूचा सगळा हिशोब ठरलेल्या ग्रेडवर बेतलेला असतो. म्हणून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं, ताजं, बरोबर पातळीचं ऑईल ही पहिली पायरी. त्यापुढे जाऊन ग्रेडशी खेळणं म्हणजे पुरावा पुसणं.

प्रेशर 'कमी वाटलं' म्हणजे कसं वाटलं, हेही लिहायला हवं होतं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला नाही, यावरून फेजरबद्दल काहीच कळत नाही. तो स्विच अगदी कमी प्रेशरला काम करतो, इंजिन वाचवण्यापुरता. स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावा आणि गरम इंजिनावर दोन आकडे घ्या, आयडलचा आणि ३००० आरपीएमचा. दुसरा आकडा महत्त्वाचा. उदाहरणादाखल, टोयोटाच्या वन-झेडझेड-एफई इंजिनाचं मॅन्युअल आयडलला किमान २९ किलोपास्कल एवढंच मागतं, पण ३००० आरपीएमला २९४ ते ५३९. आयडलचा आकडा पास झाला म्हणून ऑईलचा विषय मिटला असं समजलात तर फसाल.

सोलेनॉइडच्या विद्युत भागाबद्दलही थोडं. तुम्ही लिहिलंत की मल्टिमीटरने ओहम बघितले, 'जास्त' आले, म्हणून पार्ट बाद केला. कशाच्या तुलनेत जास्त? टोयोटाच्या अनेक मॅन्युअलमध्ये या कॉइलचा रोध ६.९ ते ७.९ ओहम दिलेला असतो, पण २० अंशांना. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे २० अंशांना ७.४ ओहम दाखवणारी कॉइल १२० अंशांना १०.३ च्या जवळ दाखवेल, आणि ती पूर्ण निरोगी असेल. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनावर मोजून बाद केलेले किती चांगले सोलेनॉइड कचऱ्यात गेले असतील! जमलं तर करंट क्लॅम्प (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा चिमटा) लावा. आज्ञा बदलल्याबरोबर करंट बदलला आणि तरी कॅम मागेच रेंगाळला, तर वायरिंग, कॉइल आणि ईसीयू तिघांचीही सुटका झाली. करंटच कमी पोचत असेल तर कनेक्टर उघडून आत ऑईल झिरपलंय का ते बघा.

ऑसिलोस्कोप सगळ्यांकडे नसतो, मान्य. पण व्ही इंजिनात त्याच्याहून सोपी आणि फुकटची चाचणी आहे, ती तुम्ही केली नाहीत. दोन्ही बँकचे इनटेक सोलेनॉइड सारखे असतील तर आपसात बदला. कोड पी०००ए चा पी०००सी झाला, म्हणजे बँक १ वरून बँक २ वर गेला, तर सोलेनॉइड दोषी. जागचा हलला नाही तर सोलेनॉइड निर्दोष. नवा पार्ट आणायच्या आधी उत्तर हातात.

जाता जाता एक अपवाद: २००६ मध्ये लेक्सस एलएस ४६० मध्ये आला तसा विजेच्या मोटरवर फिरणारा फेजर असेल तर वरची बरीचशी ऑईलची चर्चा त्याला लागू नाही. गाडी हातात घेतल्यावर फेजर कुठल्या जातीचा आहे ते आधी बघून घ्या.

आता तुमची व्ही-६. कोड फक्त बँक १ चा आहे, बँक २ गप्प आहे. दोन्ही बँकना ऑईल एकच, पंप एकच. त्यामुळे ऑईलची ग्रेड, पातळी, पंप यांच्यावरचा संशय कमी होतो, पूर्ण जात नाही. बँक २ कदाचित मर्यादेच्या अगदी काठावर असेल, म्हणून तिच्याही दोन रेषा काढून ठेवा. दोन नवे सोलेनॉइड एकाच पद्धतीने खराब निघणं मला पटत नाही. पण बदललेला सोलेनॉइड खरोखर बँक १ चाच होता का? बँक १ म्हणजे पहिला सिलिंडर ज्या बाजूला आहे ती. आडव्या बसवलेल्या व्ही-६ मध्ये ती बाजू मागे, फायरवॉलकडे असू शकते. समोर दिसणारा, हाताला सहज लागणारा सोलेनॉइड बदलला गेला असेल तर तुमचे दोन्ही नवे पार्ट चांगले आहेत, फक्त भलत्या बँकवर बसलेत.

बाजू बरोबर असेल तर पुढचा संशय जाळीवर. व्हॉल्वच्या अंगावरची नव्हे. काही इंजिनांत हेडमध्ये, ऑईलच्या वाटेत, एका बोल्टमागे वेगळी जाळी असते. सोलेनॉइड बदलताना ती जागची हलतही नाही. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी नळाच्या तोंडची जाळी तुंबली तर बादली भरायला वेळ लागतोच, तसं हे. ती काढून उजेडात धरून बघा. फाटलेली असेल तर तुकडे फेजरच्या वाटेला गेले असणार. त्यावर चकचकीत धातूची भुकटी असेल तर तिथेच थांबा आणि ऑईल फिल्टर कापून बघा, कारण मग प्रश्न कॅमपुरता राहिलेला नाही. काळा चिकटा असेल तर जाळी साफ करून ऑईल बदला. झटपट फ्लश टाकून इंजिन घुसळायचा मोह टाळा, सुटलेला गाळ आधी जाऊन बसतो तो अशाच जाळ्यांवर.

जाळी स्वच्छ निघाली तर राहिले कॅमचे पुढचे जर्नल, त्याच्या सीलिंग रिंगा आणि फेजर. गरम झाल्यावरच कोड येतोय, हेही गळतीशी जुळतं. ऑईल पातळ झालं की झिजलेल्या फटींतून जास्त निसटतं. पण तिथे हात घालण्याआधी गरम इंजिनावर, २५०० आरपीएमला, दोन्ही बँकच्या कॅमना धरून ठेवायला लागणारी ड्यूटी, ३००० आरपीएमचं प्रेशर आणि बँक १ ची रेषा आधी थांबून मग उडी मारते की सुरुवातीपासूनच हळू चढते, एवढं इथे खाली लिहा. गाडीत सध्या कुठल्या ग्रेडचं ऑईल आहे तेही लिहा. ४० टाकलं असेल तर आधी ते काढून कंपनीच्या ग्रेडचं भरा आणि मगच हे आकडे घ्या.